डब्याच्या पिशवीतली फ्लॉपी

मी धुळ्याला कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या नोकरीवर गेले, तेव्हा आमच्या नशिराबादच्या घरी त्या कामाचा अर्थ कोणालाच नीट कळला नव्हता. काकूला वाटायचं मी टायपिंग करते. शेजारी वाटेल ते सांगत सुटले होते. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांचीही तीच तऱ्हा. मी हातात पेचकस घेऊन समोर उभी असायची आणि ते माझ्या खांद्यावरून आत डोकावून विचारायचे, "इंजिनिअर साहेब कधी येणार?" सुरुवातीला मी "मीच" म्हणून हसायची. पुढे नुसतं "मीच" म्हणायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावला डिप्लोमा केल्यावर मिळालेली ही पहिली नोकरी, आणि एकटीने राहायचीही पहिलीच वेळ. खोली देवपुरात होती. घरमालकीण वाईट नव्हती, पण सव्वीस वर्षांची बिनलग्नाची बाई भाड्याने ठेवलीय हे तिला स्वतःलाच अधूनमधून आठवायचं, मग दोन दिवस तिचं बोलणं तुटक व्हायचं. रविवारी मी मुद्दाम उशिरा उठायची, म्हणजे दिवस तेवढाच कमी उरायचा. धुळ्यात ओळखीचे लोक पुष्कळ होते, पण माझी वाट बघणारं कोणी नव्हतं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. घरी कळलं असतं तर "ये मग परत" एवढंच म्हणाले असते, आणि परत गेलं की दुसऱ्या दिवशी पाहुणे बघायला आले असते.

आठवड्यातून दोनदा आईचा डबा यायचा. भुसावळहून धुळ्याला जाणारी एसटी सकाळी नशिराबादच्या फाट्यावर थांबली की आई कंडक्टरच्या हाती पिवळी पिशवी द्यायची. जळगाव, एरंडोल, पारोळा करत ती दुपारी धुळ्याच्या स्टँडवर यायची आणि मी जाऊन घ्यायची. पिशवीवर नाव नाही, पावती नाही, सही तर नाहीच. "पिवळी पिशवी धुळे" एवढं सांगितलं की झालं. आमच्याकडे शिकायला किंवा नोकरीला बाहेर असलेल्या अर्ध्या पोरापोरींची जेवणं अशीच पोचायची. एकदा पिशवी चुकून शिरपूरला गेली आणि दुसऱ्या दिवशी आंबलेल्या भरतासकट परत आली, पण आली. एसटीतून आलेल्या वस्तूवर शंका घ्यायची असते हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

आता भाऊंबद्दल सांगते. धुळ्यातल्या एका निमसरकारी कचेरीची कॉम्प्युटर देखभाल आमच्या दुकानाकडे होती, आणि भाऊ त्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, जन्मापासून अंध. जिन्याखालच्या केबिनमध्ये वीस वर्षं बसून ते बोर्डातल्या दोऱ्या इकडच्या तिकडे लावायचे. कचेरीतल्या प्रत्येकाचा आवाज त्यांना पाठ होता. मी पहिल्यांदा दारात उभी राहिले तेव्हा काही बोलायच्या आत ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "नवी चप्पल शे. कोन?"

त्या वर्षी कचेरीत आपोआप चालणारा टेलिफोन बोर्ड बसायचा होता आणि ऑपरेटरची गरजच संपणार होती. साहेबांनी भाऊंपुढे दोन पर्याय ठेवले. कॉम्प्युटरवर तक्रारी नोंदवायचं काम जमतंय असं तपासणी समितीपुढे करून दाखवलं, तर ती खुर्ची त्यांची. नाही जमलं, तर स्टोअरमध्ये बसून कचेरीच्या वेताच्या खुर्च्या विणायच्या. अंध शाळेत ते वेतकाम शिकलेले होते, म्हणून कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. भाऊंना वाटलं. ते मला म्हणाले, "वीस वरीस मी लोकेस्नं बोलनं आयकं. आते माले भिंतसंगे बसाडतीस."

त्यांच्याकडे एका संस्थेने दिलेलं बोलणारं कार्ड होतं. ते कॉम्प्युटरच्या पेटीत बसवायचं, म्हणजे पडद्यावरचा इंग्रजी मजकूर ते मोठ्याने वाचायचं. आवाज परदेशी पुरुषाचा, नाक चोंदल्यासारखा. भाऊ त्याला पाव्हना म्हणायचे, कारण तो आपल्याशी जपून आणि नुसतं इंग्रजीत बोलतो. "आज पाव्हनाले सर्दी व्हयेल शे," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. मी मंगळवारी आणि शुक्रवारी कचेरीचं काम उरकून त्यांच्या केबिनमध्ये तासभर बसायची. शिकवायला म्हणून जायची, पण खरं सांगायचं तर गप्पा मारायला जायची. जिन्यावर माझी पावलं वाजली की आतून "उनी का बहीन?" ऐकू यायचं. त्या गावात माझ्या पावलांचा आवाज ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं.

भाऊंनी माझ्यासाठी एक नियम घालून दिला होता. पाव्हणा बंद असताना, किंवा यंत्र नुकतं सुरू होत असताना पडद्यावर जे येईल ते मी सगळं वाचून दाखवायचं. मी एकदा "काही नाही, फालतू सूचना आहे" म्हणाले, तर ते एकदम गंभीर झाले. "जे लिखेल व्हई ते बठ्ठं वाच. कामनं का बिनकामनं, मी ठरावसू." मला राग आला होता. नंतर पटलं. डोळस माणसं त्यांच्यासाठी परस्पर ठरवून टाकतात याचा त्यांना जन्मभराचा कंटाळा होता. त्या दिवसापासून मी प्रिंटरचं "नो पेपर" सुद्धा वाचून दाखवू लागले.

मग कचेरीने सगळ्या कॉम्प्युटरवर नवी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, टाकायला लावली. ती टाकणारी मीच. टाकली, आणि पाव्हण्याची दातखीळ बसली. कार्ड चांगलं होतं, पण कार्ड आणि कॉम्प्युटर यांची गाठ घालून देणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, ज्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो, तो जुन्या प्रणालीसाठी लिहिलेला होता. नव्या प्रणालीने त्याला दारातसुद्धा उभं केलं नाही. मुंबईच्या वितरकाला फोन लावला. ते म्हणाले, नवा, तपासून पास झालेला ड्रायव्हर मिळेल, पण बाहेरून मागवावा लागेल, तीन आठवडे धरा. मी तो मागवायला सांगितला, पण समिती येणार होती अकरा दिवसांनी.

भाऊ शांत होते. "थांबूत. मी सायेबले सांगस, तारीख पुढे ढकला." साहेब नाही म्हणाले असते असं मला आजही वाटत नाही.

पण मी म्हणाले, "तारीख कशाला पुढे ढकलायची? मी बघते ना."

असं का म्हणाले, याची चांगली कारणं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितली. तारीख पुढे गेली की समिती पुन्हा येईलच असं नाही, वगैरे. खरं कारण एवढं भारी नव्हतं. भाऊंची केबिन मुकी झाली होती, आणि ती बोलती करणारी मीच असायला हवी होते. कोणीतरी माझ्यावर खूश व्हावं यासाठी मी तेव्हा काय वाटेल ते केलं असतं.

जळगावच्या एका दुकानात माझ्याबरोबर शिकलेला एक मेकॅनिक होता. त्याला फोन केला. तो म्हणाला, आहे माझ्याकडे, पाठवतो. मी विचारलं, कुठून मिळाला? तो म्हणाला, "नाशिकच्या एकाने दिला होता. त्याला कोणी दिला काय माहीत. चालतो ना? मग झालं." आमच्या धंद्याची रीतच ती होती. फ्लॉप्या हातोहात फिरायच्या, वरचं लेबल खरवडून निघालेलं असायचं, आणि आत काय आहे ते कोणी लिहिलं हे विचारणं म्हणजे अडाणीपणाच समजला जायचा. दुसऱ्या दिवशी त्याने जळगावच्या स्टँडवर बस गाठली आणि फ्लॉपी कंडक्टरच्या हाती दिली. कंडक्टर मला ओळखत होता. त्याने ती सरळ माझ्या पिवळ्या पिशवीत सरकवली. भाकरी, भरीत, मिरचीचा ठेचा आणि मधे ती काळी फ्लॉपी. कोपऱ्याला तेल लागलं होतं, ते मी ओढणीने पुसलं. आईच्या डब्यातून आलेली वस्तू ती.

ड्रायव्हर म्हणजे काय ते इथे सांगायला हवं, नाहीतर माझी चूक कळायची नाही. साधा प्रोग्रॅम म्हणजे घराबाहेरच्या ओट्यावर बसवलेला माणूस. तो बिघडला तर त्याला उठवून लावता येतं, घर शाबूत राहतं. ड्रायव्हरला मात्र आपण थेट स्वयंपाकघरात घेतो, कॉम्प्युटरच्या अगदी आतल्या भागात. तिथे त्याला अडवणारं कोणी नाही. तो चुकला तर सगळं यंत्र बसतं, आणि तो लबाड असेल तर त्याला सगळ्या डब्यांत हात घालता येतो. म्हणून तर तपासलेल्या ड्रायव्हरवर बनवणाऱ्याची न पुसता येणारी खूण घालायची पद्धत नव्यानेच सुरू झाली होती. हे मला माहीत होतं. मला शिकवलेलं होतं. अज्ञान होतं असं म्हणायचीही सोय नाही.

शुक्रवारी संध्याकाळी, कचेरी सुटायच्या वेळी, मी भाऊंच्या शेजारी बसून ती फ्लॉपी घातली. ते नेहमीसारखे मान थोडी तिरपी करून बसले होते. मी वाचत होते, "कॉपी होतंय... तीस टक्के... साठ टक्के..." आणि पडद्याच्या मधोमध एक चौकट आली. पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह. या ड्रायव्हरवर खूण नाही, तो या प्रणालीसाठी तपासलेला नाही, त्याने यंत्र अस्थिर होऊ शकतं, तरी पुढे जायचं का? खाली दोन बटणं, "हो" आणि "नाही". "नाही" आधीच निवडलेलं होतं.

मी थांबले.

"काय व्हयनं?" भाऊंनी विचारलं.

वाचलं असतं तर ते "नको" म्हणाले असते. ते तसेच होते, धीराचे. तीन आठवडे आनंदाने थांबले असते. मी म्हणाले, "काही नाही भाऊ. साठ टक्क्यांवर अडकलंय जरा." आणि माऊस हलकेच "हो"वर नेऊन दाबला. दाबल्याचा आवाज त्यांना ऐकू आला असेलच, त्यांना तर चपला ऐकू यायच्या. पण ते पुढचा आकडा ऐकायला कान देऊन बसले. मी वाचत होते ना सगळं.

दोन मिनिटांनी नाकातला आवाज खोलीत घुमला आणि भाऊंनी टेबलावर थाप मारली. "पाव्हना बोलना!" त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला. शिपायाला हाक मारून चहा मागवला. मी तो चहा प्यायले. गोड लागला, हे लिहायला लाज वाटते, पण लागला.

पुढचे दिवस ते रोज सराव करत होते. दोनदा यंत्र मधेच अडकलं, दोन्ही वेळा काहीतरी छापायला घेतल्यावर. मी बंद करून चालू केलं, चाललं. यंत्रातलं घड्याळ एकदा मागे गेलं होतं, मी पुढे केलं. या सगळ्याचा एकमेकांशी संबंध असेल असं मनात आलं आणि मी ते मनातच ठेवलं.

समिती आली. तिघं जण. काही अडलं तर पाहायला म्हणून मला कोपऱ्यात उभं केलं होतं. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, केसांना तेल लावलं होतं. पाच मिनिटं त्यांनी असं काम केलं की एक साहेब खुर्चीतून पुढे वाकले. तक्रार ऐकायची, टाइप करायची, पाव्हण्याकडून परत वाचून घ्यायची, चूक दुरुस्त करायची. बोर्डावर वीस वर्षं चाललेली ती बोटं आता कळांवर चालत होती. मग वाकलेले साहेब कौतुकानेच म्हणाले, "छान. आता याची पावती छापून द्या."

भाऊंनी छापायची कळ दाबली. पाव्हणा "प्रिं" एवढंच म्हणाला. पडदा निळा झाला, वर पांढरी अक्षरं.

भाऊंना ते कळायला मार्गच नव्हता. ते थोडे थांबले, मग पुन्हा कळ दाबली. मग पुढची तक्रार टाइप करायला लागले, आवाज येईल या आशेने. मेलेल्या यंत्रावर त्यांची बोटं चालत होती आणि आम्ही चार डोळस माणसं ते बघत होतो. मी पुढे व्हायला हवं होतं. मी कोपऱ्यातच उभी राहिले.

"ताई," ते साहेबांसमोर शुद्ध मराठीत म्हणाले, "आवाज का येत नाही?"

"तुम्ही कोणती कळ दाबली?" दुसऱ्या साहेबांनी विचारलं.

"छापायची."

"नक्की?"

मी यंत्र बंद करून चालू केलं. ते अर्ध्यावर येऊन थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. त्या दहा मिनिटांत मला एक वाक्य बोलायचं होतं. चूक माझी आहे, ड्रायव्हर बिनतपासलेला आहे, यांना दुसरी तारीख द्या. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण ते बोललं की दुकानाचं देखभालीचं काम जाणार, शेठ मला काढणार, आणि मी पिवळी पिशवी घेऊन नशिराबादला परत. साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मशिनमध्ये काही दोष होता का?" मी म्हणाले, "बघावं लागेल." भित्र्या माणसाचं पेटंट उत्तर. त्यांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं. भाऊंना ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याकडून अपेक्षा करणंच बरोबर नव्हतं." मला वाटतं ते त्यांना सगळ्यात जास्त लागलं असेल.

यंत्र मी दुकानात आणून उघडलं. तो ड्रायव्हर जुन्या प्रणालीच्या समजुतीने चालला होता. काही छापायला घेतलं की मेमरीत दुसऱ्या प्रोग्रॅमच्या जागेत लिहायचा, आणि शेवटी त्याने सुरू होण्याच्या फायलीच खराब केल्या होत्या. शिवाय त्याच्या पोटात आणखी एक काहीतरी होतं, यंत्रात घातलेल्या प्रत्येक फ्लॉपीवर स्वतःची नक्कल टाकणारं. माझ्याच फ्लॉप्यांमधून ते धुळ्यातल्या सहा गिऱ्हाइकांकडे पोचलं होतं. ती सहाही ठिकाणं मी गुपचूप साफ केली. शेठने मेहनती मुलगी म्हणून माझं कौतुक केलं. तीन आठवडे भरल्यावर मुंबईहून खरा ड्रायव्हर आला, खूण असलेला. तोवर भाऊंना स्टोअरमध्ये हलवलं होतं.

मंगळवार-शुक्रवार मी कचेरीत जायची आणि मागच्या जिन्याने वर चढायची, म्हणजे पावलं ऐकू जायला नकोत. चपलाही बदलल्या. असे दीड-दोन महिने गेल्यावर एकदा स्टोअरमधला पंखा बंद पडला होता म्हणून दार उघडं होतं, आणि मी समोरून जाताना आतून आवाज आला, "उनी का बहीन?"

मी आत गेले. ते जमिनीवर बसले होते, गुडघ्यांत खुर्चीची चौकट, भिजवलेल्या वेताचा वास. हात भराभर चालत होते. आईची तब्येत विचारली, डबा येतो का विचारलं. माझ्यावर रुसल्याची खूण कुठेच नव्हती, आणि रुसले असते तर मला सोपं गेलं असतं. मग वेताची काडी ओढून बसवता बसवता त्यांनी सहज विचारलं, "तू ते टाकत व्हतीस ना, साठ टक्कावर अडकनं व्हतं... तवय पडदावर काही लिखेल व्हतं का?"

विचारण्यात संशय नव्हता. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं. खरं सांगायची संधी याहून सोपी कोणाला मिळाली नसेल. खोलीत आम्ही दोघंच होतो, साहेब नव्हते, शेठ नव्हता. खरा ड्रायव्हर माझ्या दुकानाच्या कपाटात पडलेला होता. मी बोलले असते तर ते स्वतः साहेबांकडे गेले असते, समिती पुन्हा बोलवा म्हणाले असते.

"नाही भाऊ," मी म्हणाले. "काहीच नव्हतं."

त्यांचे हात थांबले. त्यांनी मान तिरपी केली, त्या दिवशीच्या कळा मनातल्या मनात पुन्हा दाबून बघत असल्यासारखी.

"मंग मनंच काही चुकनं व्हई," ते म्हणाले. "मना पायी तुले उगाच तरास व्हयना, बहीन."

आणि त्यांनी पुन्हा वेत हातात घेतला.